स्पंदशक्ती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉन शलाका आणि संमीलन ऊर्जा : तुर्भे येथील 'काली' वेगवर्धकाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

केंद्रकीय संमीलनातून ऊर्जा मिळविण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे मार्ग चोखाळले गेले, त्यांपैकी तीव्र इलेक्ट्रॉन शलाकांचा मार्ग अल्पजीवी ठरला. मात्र त्यासाठी विकसित झालेले स्पंदशक्ती तंत्रज्ञान टिकून राहिले व अन्य क्षेत्रांत रुजले. महाराष्ट्रात या तंत्रज्ञानाचे प्रमुख केंद्र तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र होय. तेथे घडविलेली 'काली' ही वेगवर्धकांची मालिका लोकमानसात मात्र 'गुप्त किरणास्त्र' म्हणून प्रसिद्ध झाली. प्रस्तुत निबंधात या तंत्रज्ञानाची जागतिक पार्श्वभूमी, तुर्भे येथील त्याची वाटचाल आणि त्याभोवती निर्माण झालेली दंतकथा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्पंदशक्ती, इलेक्ट्रॉन शलाका, जडत्वीय संमीलन, मार्क्स जनित्र, भाभा अणुसंशोधन केंद्र, काली.

प्रस्तावना

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्षपद डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्याकडे होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी असे भाकीत केले की, येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धती सापडेल. त्या काळी हा विषय बड्या राष्ट्रांत गोपनीय मानला जात होता. त्यामुळे एका नवस्वतंत्र देशाच्या शास्त्रज्ञाने त्याचा जाहीर उच्चार करणे ही लक्षणीय घटना ठरली. भाभांनी दिलेली मुदत १९७५ च्या सुमारास संपली. ते स्वतः २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात निधन पावले होते. संमीलनातून वीजनिर्मिती आजही साध्य झालेली नाही. तथापि मुदत संपत असतानाच, १९७० च्या दशकात, एका नव्या मार्गाविषयी मोठी आशा निर्माण झाली होती. तो मार्ग म्हणजे स्पंदशक्तीच्या साहाय्याने निर्माण केलेल्या तीव्र इलेक्ट्रॉन शलाकांचा होय.

विज्ञानाच्या इतिहासात यशस्वी झालेल्या प्रयोगांची नोंद विस्ताराने होते, सोडून दिलेल्या मार्गांची क्वचितच होते. वास्तविक एखादा मार्ग का निवडला गेला व का सोडला गेला, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच तंत्रज्ञानाच्या वाटचालीचे खरे आकलन होते. या दृष्टीने स्पंदशक्तीचा इतिहास उद्बोधक आहे.

स्पंदशक्ती : संकल्पना व कार्यपद्धती

ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद हा या तंत्रज्ञानाचा पाया आहे. इंदापूर-बारामती परिसरातील शेतकऱ्यास हा भेद अनुभवाने परिचित आहे. विहिरीचा झरा बारीक असला, तर रात्रभर पंप चालवून शेततळे भरून घ्यावे लागते आणि सकाळी दार उघडून तेच पाणी थोडक्या वेळात पिकाला द्यावे लागते. पाण्याचे एकूण माप बदलत नाही, परंतु प्रवाहाचा जोर अनेक पटींनी वाढतो. स्पंदशक्ती तंत्रज्ञानात विजेबाबत हेच केले जाते. विद्युत ऊर्जा सावकाश साठविली जाते आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशात सोडली जाते.

या प्रक्रियेचे साधारणतः तीन टप्पे असतात. पहिला टप्पा मार्क्स जनित्राचा. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स याने १९२४ मध्ये ही मांडणी सुचविली. तीत अनेक धारित्रे समांतर जोडणीत भारित करतात व ठिणगी-स्विचांच्या साहाय्याने एकसर जोडणीत मोकळी करतात. उदाहरणार्थ, प्रत्येकी ५० हजार व्होल्टपर्यंत भारित केलेली ३० धारित्रे अशा रीतीने जोडल्यास १५ लाख व्होल्ट विद्युत दाब तत्त्वतः प्राप्त होतो. दुसऱ्या टप्प्यात हा स्पंद तेल किंवा शुद्ध पाणी भरलेल्या स्पंद-आकारक वाहिनीत जातो. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८० असल्याने थोड्या जागेत अधिक ऊर्जा अल्पकाळ साठविता येते. येथे स्पंदाचा कालावधी सेकंदाच्या दशलक्षांशावरून काही दशक नॅनोसेकंदांपर्यंत खाली येतो. तिसऱ्या टप्प्यात हा स्पंद निर्वात डायोडच्या ऋणाग्रावर पोहोचतो. तेथील प्रखर विद्युत क्षेत्रामुळे ऋणाग्राच्या पृष्ठभागावर प्लाझ्मा (आयनद्रायू) निर्माण होतो व त्यातून हजारो अँपिअरचा इलेक्ट्रॉन प्रवाह बाहेर पडतो. १० लाख व्होल्ट दाबाखाली वेग घेतलेल्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ९४ टक्के असतो. म्हणून या शलाकेस सापेक्षीय इलेक्ट्रॉन शलाका असे म्हणतात.

संमीलनाचा मार्ग : उदय आणि त्याग

या तंत्रज्ञानाचा जन्म ऊर्जेच्या शोधातून झाला नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमधील ऑल्डरमॅस्टन येथील अण्वस्त्र संशोधन संस्थेत जे. सी. मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्क्स जनित्रास ब्लूमलाइन वाहिनीची जोड दिली. अॅलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही वाहिनी मूळची रडारच्या कामातील होय. स्फोटाने दाबल्या जाणाऱ्या धातूचे क्षणचित्र घेण्यासाठी अतिशय तीव्र व अल्पकालीन क्ष-किरण हवे होते, आणि ते मिळविण्यासाठी ही यंत्रे बांधली गेली. शस्त्रविषयक गरजेतून निर्माण झालेले हे साधन पुढे ऊर्जासंशोधकांच्या हाती आले.

संमीलनासाठी ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांचे तापमान कोट्यवधी अंशांपर्यंत न्यावे लागते आणि त्या स्थितीत ते पुरेशा घनतेने पुरेसा काळ राहावे लागतात. चुंबकीय बंदिवासाच्या मार्गात विरळ प्लाझ्मा दीर्घकाळ रोखून धरतात. जडत्वीय बंदिवासाच्या मार्गात याउलट इंधनाची छोटी गोळी सर्व बाजूंनी एकाच क्षणी इतक्या जोराने दाबतात की, ती विखुरण्यापूर्वीच संमीलन घडावे. हा दाब निर्माण करण्यासाठी लेसरचा विचार प्रथम झाला. परंतु त्या काळातील लेसर विजेचा अत्यल्प अंशच प्रकाशात रूपांतरित करीत. इलेक्ट्रॉन शलाकेत मात्र साठविलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उतरत असे, शिवाय यंत्रेही तुलनेने स्वस्त होती. १९६८ मध्ये फ्रीडवार्ट विंटरबर्ग यांनी तीव्र इलेक्ट्रॉन शलाकांनी संमीलन प्रज्वलित करण्याची कल्पना मांडली. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत गेरल्ड योनास यांच्या नेतृत्वाखाली आणि मॉस्को येथील कुर्चातोव्ह संस्थेत लिओनिद रुदाकोव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात या दिशेने काम सुरू झाले.

१९७६ मध्ये रुदाकोव्ह यांनी अमेरिकेतील प्रयोगशाळांना भेट देऊन आपल्या संशोधनाविषयी व्याख्याने दिली. शलाकेची ऊर्जा प्रथम क्ष-किरणांत रूपांतरित करून त्यांच्या योगे इंधन दाबावयाचे, या स्वरूपाची ती मांडणी होती. हा विषय अमेरिकेत गोपनीय असल्याने तेथील शासनाची मोठी अडचण झाली, कारण सोव्हिएत शास्त्रज्ञ जे उघडपणे सांगत होता, त्याविषयी अमेरिकी शास्त्रज्ञांना बोलण्यास मनाई होती. संमीलन संशोधनातील गोपनीयता किती विसंगत रूप धारण करू शकते, याचे हे उदाहरण होय.

तथापि इलेक्ट्रॉन शलाकेच्या मार्गात मूलभूत अडचणी होत्या. पहिली अडचण शिरकावाची. १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन अॅल्युमिनिअममध्ये सुमारे २ मिलिमीटर मार्ग कापतो, तर इंधनगोळी स्वतःच काही मिलिमीटरची असते. ऊर्जा गोळीच्या बाह्य थरात न राहता आत खोलवर पसरते. दुसरी अडचण अशी की, इलेक्ट्रॉन जड अणूंवर आदळून थांबताना क्ष-किरण बाहेर टाकतात व हे किरण आतील इंधनास दाबण्यापूर्वीच तापवितात. तापलेले इंधन दाबणे कठीण जाते. तिसरी अडचण शलाकेच्या एकत्रीकरणाची. इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात आणि लाखो अँपिअरच्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र त्यांचा मार्ग वाकविते. अशा शलाका सूक्ष्म गोळीवर चहूबाजूंनी समप्रमाणात पाडणे अत्यंत दुष्कर ठरले.

परिणामी १९७९ च्या सुमारास सँडियाने इलेक्ट्रॉनांचा मार्ग सोडून हलक्या आयनांचा मार्ग स्वीकारला. आयन पदार्थात फार खोल जात नाहीत, हा त्यामागील विचार होता. 'इलेक्ट्रॉन शलाका संमीलन वेगवर्धक' या नावाने उभारणी सुरू झालेले यंत्र १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याचे नाव 'कण शलाका संमीलन वेगवर्धक' असे झाले होते. यंत्राच्या नामांतरातच मार्गाच्या त्यागाची नोंद झाली. पुढील मोठे यंत्र १९८५ मध्ये कार्यान्वित झाले, पण आयनशलाकांनाही अपेक्षित तीव्रता गाठता आली नाही. १९९६ मध्ये त्याच यंत्राचे रूपांतर 'झेड' यंत्रात करण्यात आले. त्यात शलाका वापरत नाहीत. बारीक तारांच्या पिंजऱ्यातून कोट्यवधी अँपिअरचा प्रवाह सोडून त्याच्याच चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा पिळवटला जातो. शेवटी जडत्वीय संमीलनात लक्ष्यावर टाकलेल्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा मिळविण्याचे श्रेय लेसरकडे गेले. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा प्राप्त झाली. त्यासाठी वीजजालातून सुमारे ३०० मेगाज्यूल ऊर्जा घेतली गेली होती, हे लक्षात घेता वीजनिर्मिती अद्याप किती दूर आहे याची कल्पना येते.

तुर्भे येथील वाटचाल

भारतात अणुऊर्जा संशोधनाचे केंद्र तुर्भे येथे १९५४ मध्ये स्थापन झाले. 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली आणि भाभांच्या निधनानंतर १९६७ मध्ये केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. अल्पकालीन स्पंदांविषयीची जिज्ञासा या केंद्रात 'काली'पूर्वीही दिसते. १९७२ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'पूर्णिमा' या प्रायोगिक भट्टीमागे न्यूट्रॉनांचे स्पंद देणाऱ्या भट्टीचा अभ्यास हे एक प्रयोजन होते. धारित्रांत साठविलेली ऊर्जा एकदम सोडून प्लाझ्मा दाबणाऱ्या 'प्लाझ्मा फोकस' उपकरणांवरही तुर्भे येथे काम झाले.

'काली' हे नाव 'किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर' या इंग्रजी संज्ञेतील आद्याक्षरांपासून बनले आहे. हजारो अँपिअरचा प्रवाह सरळ रेषेत सोडणारे यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. 'काली-२००', 'काली-१०००', 'काली-५०००' अशा चढत्या क्रमाने ही यंत्रे विकसित होत गेली. उपलब्ध वृत्तांतांनुसार प्रकल्पाची कल्पना १९८५ मध्ये मांडली गेली, १९८९ मध्ये काम सुरू झाले आणि 'काली-५०००' २००४ च्या अखेरीस वापरात आले.

येथे एका कालविषयक विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. 'केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. राजगोपाल चिदंबरम् यांनी १९८५ मध्ये हा प्रकल्प सुचविला', असे विधान अनेक लेखांत जसेच्या तसे आढळते. परंतु १९८४ ते १९९० या काळात केंद्राचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार होते. डॉ. चिदंबरम् १९९० मध्ये संचालक व १९९३ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. केंद्रातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ या नात्याने चिदंबरम् यांनी कल्पना मांडली असणे शक्य आहे, मात्र 'संचालक' या नात्याने १९८५ मध्ये मांडली हे विधान कालक्रमाशी जुळत नाही. प्रकल्पाचा आरंभ १९८९ मध्ये झाला असल्यास तो अय्यंगार यांच्या कारकिर्दीतील ठरतो. एकाच चुकीची पुनरावृत्ती शंभर ठिकाणी झाली, तरी ती शंभर साधने होत नाहीत. साधनचिकित्सेचा हा प्राथमिक नियम समकालीन विज्ञानेतिहासालाही तितकाच लागू आहे.

'काली-५०००'ची प्रसिद्ध झालेली परिमाणे अशी : विद्युत दाब सुमारे १० लाख व्होल्ट, प्रवाह सुमारे ४० हजार अँपिअर, कालावधी १०० नॅनोसेकंदांपर्यंत. यांवरून कमाल शक्ती ४० गिगावॅट, म्हणजे ४,००० कोटी वॅट येते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिच्या सुमारे वीसपट अशी ही शक्ती होय. मात्र हीच शक्ती १०० नॅनोसेकंदांनी गुणली असता एका स्पंदातील ऊर्जा केवळ ४ हजार ज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान जेमतेम एक अंश सेल्सिअसने वाढते. शक्ती प्रचंड आणि ऊर्जा अल्प, हे स्पंदशक्तीचे मर्म या आकड्यांतून स्पष्ट होते.

संमीलनाच्या दृष्टीनेही हे गणित निर्णायक आहे. इंधनगोळी प्रज्वलित करण्यासाठी ढोबळमानाने १० लाख ज्यूल ऊर्जा सुमारे १० नॅनोसेकंदांत पोहोचवावी लागते, म्हणजे १०० टेरावॅट शक्ती लागते. 'काली-५०००' ऊर्जेत याच्या अडीचशेव्या आणि शक्तीत अडीच हजाराव्या भागाइतके आहे. अर्थात संमीलन प्रज्वलित करणारे यंत्र म्हणून त्याचा विचार करता येत नाही. १९८९ मध्ये तुर्भे येथे काम सुरू झाले, तेव्हा सँडियाने इलेक्ट्रॉनांचा मार्ग सोडून दशक उलटले होते. भारताच्या संमीलन कार्यक्रमानेही चुंबकीय बंदिवासाचा मार्ग धरला होता. १९८२ मध्ये अहमदाबाद येथे प्लाझ्मा भौतिकी कार्यक्रम सुरू झाला, १९८६ मध्ये प्लाझ्मा संशोधन संस्था स्थापन झाली, १९८९ मध्ये 'आदित्य' हा टोकामॅक कार्यान्वित झाला आणि २००५ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय 'इटर' प्रकल्पात सहभागी झाला.

मग 'काली'चा उपयोग कोणता? शलाका जड धातूच्या लक्ष्यावर पाडल्यास क्षणिक क्ष-किरण मिळतात. वेगाने जाणाऱ्या वस्तूंचे क्षणचित्र घेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, आणि चंडीगड येथील संरक्षण प्रयोगशाळेच्या संदर्भात या उपयोगाचा उल्लेख केला जातो. शलाकेचे रूपांतर तीव्र सूक्ष्मतरंगांत करून इलेक्ट्रॉनिक उपकरणे अशा आघातास कितपत टिकतात, हे तपासता येते. मार्टिन यांनी ज्या प्रयोजनासाठी ऑल्डरमॅस्टनला आरंभ केला होता, त्याच प्रयोजनाकडे हे तंत्रज्ञान संमीलनाचा वळसा घेऊन परत आले, असे म्हणता येईल. नवी मुंबईतील खारघर येथील इलेक्ट्रॉन शलाका केंद्रातील वेगवर्धक याहून भिन्न प्रकारचे आहेत. त्यांत क्षणिक महाप्रवाहाऐवजी औद्योगिक प्रक्रियांना उपयुक्त अशी सरासरी शक्ती महत्त्वाची असते. दोहोंची गल्लत करणे योग्य नाही.

दंतकथा आणि तिची परीक्षा

'काली' हे आद्याक्षरी नाव देवीच्या नावाशी जुळले आणि त्याभोवती एक आधुनिक दंतकथा निर्माण झाली. शत्रूची क्षेपणास्त्रे व विमाने आकाशात जाळून टाकणारे गुप्त अस्त्र, अशी त्याची वर्णने वृत्तपत्रांतून व पुढे समाजमाध्यमांतून पसरली. २०१२ मध्ये सियाचीन परिसरातील गयारी येथे झालेल्या हिमस्खलनाचा संबंधही अफवांनी या यंत्राशी जोडला.

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्र या कथेच्या परीक्षेस पुरेसे आहे. १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सर्वसाधारण हवेत अवघे चार मीटर अंतर कापून थांबतो. ज्या शलाकेला एक मोठी वर्गखोली ओलांडणे कठीण, ती शेकडो किलोमीटरवरील क्षेपणास्त्र कसे जाळणार? शलाकेपासून मिळविलेले सूक्ष्मतरंग हवेतून दूर जाऊ शकतात हे खरे, परंतु अंतराबरोबर त्यांची तीव्रता झपाट्याने घटते. त्यांचा परिणाम संवेदनशील इलेक्ट्रॉनिक भागांवर संभवतो. धातू वितळविण्याशी किंवा डोंगरावरील बर्फ कोसळविण्याशी त्याचा संबंध नाही. एका स्पंदातील ४ हजार ज्यूल ऊर्जा हिमस्खलनास कारणीभूत ठरावी, ही कल्पना अंकगणितातही बसत नाही.

तरीही दंतकथा का टिकते? गोपनीयतेमुळे अधिकृत माहितीची पोकळी राहते आणि ती पोकळी कल्पनेने भरली जाते. राष्ट्राभिमानाची भावना अशा कल्पनेला बळ देते. दुर्दैवाने यात खरे कर्तृत्व झाकोळते. १० लाख व्होल्ट दाब सहन करणारे निरोधक, नॅनोसेकंदांच्या अचूकतेने मिटणारे स्विच आणि निर्वातात पुन्हा पुन्हा तशीच शलाका देणारे डायोड देशात घडविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. अभियंत्यांचे हे श्रम चमत्काराच्या कथेत अदृश्य होतात.

स्थानिक संदर्भ

अणुऊर्जेचा इतिहास केवळ मुंबईपुरता सीमित नाही. कळंबलगतच्या वालचंदनगरात साखर कारखान्याच्या परिसरातून यंत्रोद्योग वाढला आणि वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुढे अणुभट्ट्यांसाठी कॅलंड्रिया व एंड शील्ड यांसारखे अवजड भाग, तसेच अग्निबाणांसाठी मोटरची आवरणे तयार केली. हे काम विखंडन ऊर्जेशी व अवकाश कार्यक्रमाशी निगडित आहे, स्पंदशक्तीशी नव्हे. परंतु प्रयोगशाळेतील कल्पना आणि कारखान्यातील कारागिरी यांचे परस्परावलंबित्व त्यातून दिसते. ज्या परिसरातील घराघरांत अशा कामाच्या आठवणी आहेत, तेथील महाविद्यालयांनी वेल्डर, फिटर, आरेखक यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन हाती घेतल्यास विज्ञानेतिहासाला मोलाचे साधन उपलब्ध होईल. अन्यथा त्यांच्या कामाचीही गत 'काली'च्या अभियंत्यांसारखीच होईल.

निष्कर्ष

१. इलेक्ट्रॉन शलाकांद्वारे संमीलन हा मार्ग पदार्थातील खोल शिरकाव, इंधनाचे अकाली तापणे व शलाका एकत्रीकरणाच्या अडचणी या भौतिक कारणांमुळे १९७९ च्या सुमारास मागे पडला.

२. मार्ग मागे पडला तरी स्पंदशक्ती तंत्रज्ञान क्षणिक क्ष-किरण, सूक्ष्मतरंग व 'झेड'सारख्या यंत्रांच्या रूपाने टिकून राहिले.

३. तुर्भे येथील 'काली' मालिका याच तंत्रज्ञानाचे भारतीय रूप होय. तिची परिमाणे संमीलन प्रज्वलनाच्या गरजेपेक्षा फार कमी आहेत, आणि किरणास्त्राविषयीच्या दाव्यांना भौतिकशास्त्राचा आधार नाही.

४. प्रकल्पाच्या प्रारंभाविषयी प्रचलित असलेले विधान कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. अधिकृत कागदपत्रे खुली होईपर्यंत ते सावधपणे वापरावे.

५. भाभांचे भाकीत मुदतीत खरे ठरले नाही. परंतु त्या भाकितामागील आत्मविश्वासाने ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या कार्याचे मूल्यमापन चमत्कारांच्या कथांनी न करता मोजमापांनी व कालक्रमाने करणे, हे इतिहास आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे समान कर्तव्य आहे.